तक्रार विभाग रिलॅक्स होतो

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो. ते ऑफिसच्या सिंकमधल्या कपांसारखे साठतात. प्रत्येक जण आपला एक ठेवून जातो आणि वर "हा माझा नाही" म्हणतो. मग एक दिवस कोणाला तरी बाह्या वर करून विसळायला उभं राहावं लागतं. आज मी उभी आहे.

आमचं ऑफिस कात्रजच्या बाजूला. कंपनी गीझर बनवते आणि मी तिच्या तक्रार विभागात आहे. सकाळी कानाला हेडफोन लावायचा आणि संध्याकाळपर्यंत थंड पाण्यानं आंघोळ केलेल्या लोकांचा राग ऐकायचा. "मला समजतंय सर" हे वाक्य मी झोपेतही बोलते, असं नवरा म्हणतो. तेव्हा ताण येणारच. ताणाबद्दल माझी तक्रार नाही. तो घालवण्यासाठी माणसं जे उद्योग करतात, त्याबद्दल आहे!

*

सुरुवात मॅनेजमेंटनंच केली. आमच्या मॅनेजर सावंत मॅडमनी जाहीर केलं, की शनिवारी 'स्ट्रेस मॅनेजमेंट वर्कशॉप' आहे, हजेरी सक्तीची. शनिवार आमच्या सुट्टीचा. म्हणजे ताण कसा घालवायचा हे शिकायला आधी सुट्टी घालवायची!

ट्रेनर बाणेरहून येणार होते. आम्ही वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं खालून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं, तर पांढऱ्याशुभ्र कुर्त्यातला एक गृहस्थ सिक्युरिटीवाल्याच्या अंगावर धावून जात होता. "मी कोण आहे माहितीये का तुला? गाडी इथंच लागणार! बोलव तुझ्या साहेबाला!"

थोड्या वेळानं तोच कुर्ता हात जोडून आमच्या दारात. चेहऱ्यावर कोजागिरीचं चांदणं!

"डोळे मिटा," तो कुजबुजला. "राग ही एक ऊर्जा आहे. तिला श्वासावाटे बाहेर सोडा."

आमच्यात वयानं मोठे अकाउंट्सचे पठाणकाका. घराणं कित्येक पिढ्या रास्ता पेठेत, त्यामुळे बोलणं 'आपण'चं आणि धार पेठेची. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून अदबीनं विचारलं, "सर, आपण आत्ता पार्किंगमध्ये सोडलीत, ती हीच का?"

वर्कशॉप लवकर आटोपलं. दिवसभरात मिळालेला रिलीफ तेवढाच!

*

देशमुख आमचे नियोजनवाले. टेबलावरचं पेन वाकडं झालं तर त्यांचा दिवस वाकडा. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून एक दुपार काहीही न करता घालवा. देशमुखांनी त्याचंही टाइमटेबल केलं! जेवण, मग वामकुक्षी, मग 'निवांत बसणे', मग 'मनात येईल ते करणे'.

एका रविवारी मी एका कामासाठी फोन केला. देशमुख दबक्या आवाजात म्हणाले, "आत्ता नको, मी निवांत बसलोय. पाचनंतर करा ना."

"पाचनंतर काय आहे?"

"पाचनंतर मी मोकळा आहे!"

*

निखिल धायरीचा. वयानं लहान, मनगटावरचं घड्याळ मात्र फार शहाणं. ते म्हणे त्याचा ताण ओळखतं आणि थरथरून सांगतं, की आता दीर्घ श्वास घे. आमच्या कामात ते घड्याळ दिवसभर थरथरतं, हे वेगळं सांगायला नको.

एकदा सदाशिव पेठेतल्या एक बाई त्याला फोनवर झोडपत होत्या. घड्याळ थरथरलं. निखिल प्रामाणिक मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, एक मिनिट होल्ड कराल? मला श्वास घ्यायचाय."

पलीकडून शांत आवाज आला, "म्हणजे इतका वेळ घेत नव्हतात? तरीच म्हटलं उत्तर का येत नाही!"

हाच निखिल ताण घालवायला रविवारी सिंहगड चढतो. "ताई, इट्स नॉट अबाउट फिटनेस, यू नो. वर गेलं की माइंड एकदम ब्लँक होतं." त्याचं माइंड ब्लँक करायला एवढं वर कशाला जावं लागतं, हे मी विचारलं नाही.

एका सोमवारी स्वारी लंगडत आली. मला वाटलं पडला. तर म्हणे, काल गडावर पोचायच्या जरा आधी घड्याळाची बॅटरी संपली.

"मग?"

"मग काय ताई, वर जाऊन खाली आलो, गाडीत चार्ज केलं आणि परत चढलो."

"पण तू वर पोचला होतास ना?"

"मी पोचलो होतो, पण घड्याळ कुठं पोचलं होतं!"

*

सावंत मॅडमना या असल्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. त्यांनी थेट मौन शिबिर केलं. इगतपुरीच्या बाजूला कुठंतरी गेल्या. फोन बंद, बोलणं बंद, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. त्या गेल्या आणि सगळा विभाग तणावमुक्त झाला! एवढं यशस्वी शिबिर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग त्या परत आल्या. आणि मौनाबद्दल बोलायला लागल्या. सकाळी मौनाचे फायदे, चहाला मौनाचा अनुभव, जेवताना मौनातलं जेवण, आणि मीटिंगमध्ये "मी तिथं असताना माझ्या मनात जो आवाज आला ना" हे प्रकरण. आला म्हणे! आत कोंडलेला होता बिचारा, संधी मिळताच बाहेर पडला.

माझ्या शेजारच्या टेबलावर सुषमा कांबळे बसते. आजोबांच्या वेळेपासून घर बौद्ध. रोज पहाटे ध्यानाला बसते, हे मला तिच्याशेजारी कित्येक वर्षं बसल्यावर तिच्या सासूकडून कळलं. मॅडम एके दिवशी तिच्या टेबलाशी थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "अगं सुषमा, तुमच्यात हे सगळं असतंच ना? ध्यान वगैरे?"

"असतं ना मॅडम," सुषमा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "आमच्यात करतात. सांगत नाहीत."

मॅडमचं खरं मौन ते. जेमतेम केबिनच्या दारापर्यंत टिकलं.

*

डिस्पॅचच्या जोशींनी मात्र आम्हाला प्रेमानं बोलावलं होतं, त्यामुळे जास्त राग येतो. त्यांना रिटायरमेंट जवळ आल्यावर अचानक गळा सापडला. एका कराओके ग्रुपमध्ये ते जायला लागले. मागं तयार संगीत, समोर स्क्रीनवर शब्द आणि मधे जोशी. "अहो, एक गाणं म्हटलं की आठवड्याचा शीण जातो," म्हणायचे. कोणाचा, ते बोलले नाहीत.

टिळक रोडजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी आणि पठाणकाका गेलो. दारातल्या वॉचमननं विचारलं, "गाणारे का ऐकणारे?"

"ऐकणारे," काका म्हणाले.

त्यानं आम्हाला नीट खालून वर बघून घेतलं. "नक्की?"

आत गेल्यावर त्याचं आश्चर्य समजलं. खुर्च्या भरलेल्या, पण प्रत्येक जण मोबाइलवर आपापलं गाणं पुटपुटत होता! स्टेजवरच्या माणसाकडं बघायला वेळ कोणाला? एकाचं गाणं झालं, की तो हात जोडून उतरायचा, बायकोला खूण करायचा आणि दोघं बाहेर. पाठोपाठ दुसरं जोडपं. हॉल टाकीसारखा रिकामा होत चालला होता.

जोशींचा नंबर अगदी शेवटी. तोवर समोर आम्ही दोघं, जोशीवहिनी आणि खुर्च्यांच्या थप्प्या लावणारी दोन माणसं. जोशी डोळे मिटून, छातीवर हात ठेवून गायले. गाणं विरहाचं होतं आणि समोरचं दृश्य त्याला साजेसं होतं.

उतरल्यावर धापा टाकत म्हणाले, "काका, खरं सांगा. कसं झालं?"

पठाणकाका खोटं बोलत नाहीत आणि कोणाला दुखवतही नाहीत. ते म्हणाले, "जोशी, आज आपल्यानंतर गाणं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही."

जोशी पुढं आठवडाभर तरंगत होते!

*

आता भागवत.

भागवत म्हणजे आमचं शेवटचं टेबल. जो ग्राहक कोणालाच आवरत नाही, त्याचा फोन भागवतांकडं वळवायचा. समोरचा माणूस काहीही बोलो, यांचा आवाज एका पट्टीत. ना ट्रेक, ना गाणं, ना ध्यान. संध्याकाळी डबा पिशवीत टाकायचा, हेल्मेट घालायचं आणि घरी. जाताना ज्याचा घसा बसलेला दिसेल त्याला म्हणायचं, "पाणी प्या थोडं." बास. निखिल म्हणायचा, "हा माणूस आहे का रेकॉर्डेड मेसेज?" आम्ही हसायचो.

एका बुधवारी एका ग्राहकानं त्यांना आईवरून शिवी दिली. भागवतांची आई त्याच महिन्यात गेली होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन मधेच ठेवला. ग्राहकानं वर तक्रार केली. सावंत मॅडमनी भागवतांना केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःसमोर बसवून त्या माणसाला परत फोन करायला लावला. काचेतून आम्हाला आवाज येत नव्हता. पण 'सॉरी' म्हणताना ओठ कसे हलतात, हे आमच्या विभागात सगळ्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी भागवत रजेवर.

दुपारी सुषमाला एक फोन आला. आवाज एवढा मोठा, की तिच्या हेडफोनमधून मला शेजारी ऐकू येत होता.

"गीझर बिघडलाय तुमचा!"

"मला समजतंय सर. आपलं नाव?"

"नाव कशाला हवंय? ग्राहक लिहा! एक ग्राहक!"

"ठीक आहे सर. कधीपासून बिघडलाय?"

"पहिल्यापासून! तापतच नाही! येईल तो बटण दाबतो, तोंडाला येईल ते बोलतो, आणि हा आपला थंड! आईवरून बोलले तरी थंड! असला गीझर काय कामाचा, सांगा मला!"

सुषमाची टाइप करणारी बोटं थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी माझी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

आमच्याकडं नियम आहे. ग्राहक ओरडत राहिला, तर समज देऊन फोन बंद करायचा. आणि स्टाफनं हेल्पलाइनवर खोटा फोन केला तर नोकरी गेली, चौकशीही नाही. सुषमाला दोन्ही नियम पाठ आहेत.

"बोला सर," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

आणि तो आवाज बोलला. ऐकून घेणारा माणूस म्हणजे पायपुसणं का, म्हणाला. चूक नसताना माफी मागायला लावणारी कंपनी कसली, म्हणाला. मॅनेजरला फोनवर बोलवा, म्हणाला. मॅडम मीटिंगमध्ये आहेत, असं सुषमानं सांगितल्यावर ओरडला, "असणारच! त्यांना काय ऐकू येणार!" मधेच आवाज चिरकला, मग नुसताच श्वास ऐकू येत राहिला. सुषमानं फोन ठेवला नाही.

शेवटी तिनं विचारलं, "टेक्निशियन पाठवू का सर?"

"नको."

"आणखी काही मदत करू शकते?"

"नाही. बरं वाटलं." मग जरा थांबून, "पाणी प्या थोडं. घसा बसलाय तुमचा."

शुक्रवारी भागवत वेळेवर आले, डबा खणात ठेवला, हेडफोन लावला. न विचारता कळलेलं विचारायची पद्धत आमच्यात नाही.

हा किस्सा इथंच संपायचा. पण महिन्याच्या मीटिंगमध्ये सावंत मॅडम एक आदर्श कॉल सगळ्या ऑफिसला ऐकवतात. त्या महिन्यात त्यांनी सुषमाचा निवडला! ग्राहकानं म्हणे नंतर आलेल्या मेसेजवर पाचपैकी पाच स्टार दिले होते.

सुषमानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मॅडमनी बटण दाबलं आणि तो आवाज खोलीभर पसरला. "गीझर बिघडलाय तुमचा!"

पहिल्या वाक्याला निखिलनं मान वर केली. दुसऱ्याला देशमुखांच्या हातातलं पेन थांबलं. 'आईवरून' हा शब्द आला, तेव्हा पठाणकाकांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले. जोशी छताकडं बघत होते. भागवतांकडं कोणीही बघितलं नाही. सगळं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजलं, पाणी प्या म्हणेपर्यंत.

मॅडमचा चेहरा खुलला होता. "बघितलंत? एवढा संतापलेला माणूस, पण शेवटी स्वतः म्हणाला, बरं वाटलं. याला म्हणतात ग्राहक जोडणं! भागवत, तुम्ही तर हे खास ऐका. हा माणूस आता कायमचा आपला झाला."

भागवतांनी समोरचं पाणी एक घोट प्यायलं.

"तो आधीपासूनच आपला आहे, मॅडम."