अ‍ॅडमिनकाकांचा फोन

अ‍ॅडमिनकाकांचा फोन आला की मी आधी ग्रुप उघडून आपण काय लिहिलंय ते बघायचो. गोरेगावचे हे निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर आम्हा उपनगरांतल्या इंजिनिअरांचा मोबाइलवरचा ग्रुप चालवायचे. ग्रुपवर त्यांनी कधी कुणाला चूक म्हटलं नाही. शाबासकी सगळ्यांसमोर, कानउघाडणी फोनवर.

मी त्या ग्रुपवरचा स्वयंघोषित विद्वान. प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधी माझं उत्तर तयार असे. काका म्हणायचे, "अरे, डॉक्टरसुद्धा आधी कुठे दुखतंय ते विचारतो."

एका सकाळी मृणाल नावाच्या नव्या मुलीने विचारलं, "वाकोल्यातल्या जुन्या इमारतीत पार्किंगमधल्या कॉलमला उभी चीर आहे. सोसायटीवाले म्हणतात, नुसतं प्लास्टर आहे. मला शंका येतेय. काय करू?" मी ताबडतोब लिहिलं, "पहिल्या वर्षाची पुस्तकं काढा. प्लास्टरला घाबरणाऱ्यांनी रांगोळीचे क्लास घ्यावेत." माझ्यासारख्याच चार टवाळांनी हसरे चेहरे टाकले. तिने लगेच ग्रुप सोडला, ते मला दिसलंसुद्धा नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. "मेल्या, ती आता कुणालाच काही विचारणार नाही. सोसायटी म्हणेल तसा रिपोर्ट देईल. त्या कॉलमवर चार मजले माणसं राहतात. उद्या जाऊन बघ."

गेलो. खरं तर तिला खोटं पाडायलाच गेलो. प्लास्टर फोडलं तर आत सळई गंजून फुगलेली, काँक्रीट हातात येत होतं. माझी वाट लागली. लगोलग टेकू लावून घेतले. मृणाल तिथे हजर होती, पण माझ्याकडे बघतही नव्हती. निघताना तिला हळूच सॉरी म्हटलं आणि काकांना कळवलं, विषय मिटला.

"शिव्या चौकात आणि सॉरी जिन्याखाली? जिथे सांडलंस तिथे पूस," म्हणाले आणि फोन ठेवला.

चार ओळींच्या माफीला मला दीड तास लागला. पहिल्या खरड्यात तर माफीच्या आधी माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाचं वर्णन होतं. शेवटी सरळ लिहिलं: मी न वाचता बोललो, मृणाल बरोबर होती. काकांनी तिला आधीच परत ग्रुपवर घेतलं होतं. तिच्या नजरेचं त्यांनी भरभरून कौतुक केलं, माझ्याबद्दल चकार शब्द नाही. मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

काका गेल्या वर्षी गेले. शोकसभेत मृणाल शेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्या दिवशी मी ग्रुप सोडला ना, पाच मिनिटांत काकांचा फोन आला होता. म्हणाले, दोन दिवस रिपोर्टवर सही करू नकोस गं. तो स्वतः येईल बघायला, आणि सगळ्यांसमोर माफीही मागेल. मनाने चांगला आहे तो."

मला फोन आला तो संध्याकाळी. म्हणजे सकाळी, मी माझ्याच विनोदावर खूश होऊन चहा पीत होतो तेव्हा, काका माझ्या वतीने तिला शब्द देऊन मोकळे झाले होते. तिथेच खुर्चीत बसून मी सगळ्यांसमोर रडलो.