डाव्या हाताची पाटी

चित्रं काढली की मन बरं होतं म्हणे. त्याचे वर्ग आता लातुरातही निघालेत. मैत्रिणीनं एकदा मला नेलं होतं. मी तासभर कागदापुढं बसले आणि आईचाच विचार करत राहिले. तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा लावायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अहमदपुरात पेंटर होते. दुकानांच्या, शाळांच्या पाट्या रंगवायचे. ऐन चाळिशीत लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. बोलता येत होतं, पण बोलणं त्यांनीच टाकलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. डॉक्टर म्हणाले, हात हलवा. येणारेजाणारे म्हणाले, देवाची मर्जी. मला दोघांचाही सारखाच राग यायचा.

त्याच साली लातूर वेगळा जिल्हा झाला. गावोगावच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' बदलायची वेळ आली. पावसानं दडी मारलेली. टँकरच्या रांगेत एका मास्तरांच्या बायकोला आई म्हणाली, "शाळेची पाटी आमच्याकडं पाठवा बाई. आमचे मालक रंगवून देतेत."

मालकांना विचारलंसुद्धा नव्हतं. पत्रा अंगणात येऊन पडला तेव्हा ते किती तरी दिवसांनी ओरडले, "कुणाच्या हातानं रंगवू? तुझ्या?"

"दोन दिलेत की देवानं," आई म्हणाली नि भाकरी थापायला बसली.

कुणाला गोंजारणं तिला कधी जमलं नाही. पण तिच्याइतकं शहाणं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

जुनी ओळ खरवडून मी पांढरा रंग दिला. वाळल्यावर रेघ पाडायला खडू लावलेलं सूत ताणलं, तर ते तिरपं गेलं. अण्णांना बघवेना. "सर बाजूला," म्हणत ते खाटेवरून उठले आणि डाव्या हातात ब्रश घेतला.

त्या एका ओळीला अख्खी दुपार गेली. अक्षरं लटपटत होती. मध्येच त्यांनी ब्रश भिरकावला. आईनं तो उचलला, पुसला आणि परत हातात दिला. अखेर ते मागं सरले. मी पाटी वाचली. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी पुन्हा 'जि. उस्मानाबाद' लिहिलं होतं.

वाटलं, संपलं सगळं. आता हा माणूस ब्रशला हात लावायचा नाही. आईला पाटी वाचता येत नव्हती, पण माझं तोंड वाचता येत होतं. तिचा चेहरा पडला.

अण्णांनी आमच्याकडं पाहिलं, मग पाटी वाचली. आणि ते हसले. खो खो हसले. "जिल्हा बदलला, हात बदलला, डोस्कं मातर तेच हाय!"

आई तोंडाला पदर लावून हसली नि हसता हसता रडायला लागली.

तिन्हीसांजेला मी ती ओळ पुसत होते, तेव्हा ते तिला म्हणाले, "उद्या लवकर उठीव मला. ऊन व्हायच्या आत रंग लावाय पाहिजे."

"हाव," आई म्हणाली.

उठवायची वेळच आली नाही. सकाळी आम्ही उठलो, तेव्हा अण्णा अंगणात बसून डाव्या हातानं रंग ढवळत होते.