काळबांडेबाईंचा बटणांचा डबा

मंगळवारी तिसऱ्या तासाला शिपायाने चिठ्ठी आणून दिली. ‘प्रमिलाचा फोन होता. काळबांडेबाई सकाळी गेल्या.’ मी चिठ्ठीची घडी करून हजेरीपटात ठेवली आणि फळ्यावरचं प्रमेय पूर्ण केलं. अर्धवट सोडलेलं प्रमेय दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. काळबांडेबाई आमच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, मी गणित शिकवते. बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबे खाल्ले. मैत्रीण म्हणावं इतकी जवळीक होती का... सांगता येत नाही. पण त्यांना एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहून गेली. आता ती इथे लिहिते.

शिवणाची खोली जिन्याखाली होती. दोन मशिनी, एक खिडकी आणि बाईंच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात बटणं, हुक, प्रेस बटणं, सगळं एकत्र. चाचणी जवळ आली की आमच्या वर्गांतून मुलींची पोटं दुखू लागायची. आम्ही त्याला ‘नाटक’ म्हणायचो आणि मुलीला बाहेर काढायचो. ती जिन्याखाली जायची. बाई कारण विचारत नसत. “जेवली का वं?” एवढं विचारून डबा पुढे सरकवायच्या. “हे बटणं निवड. पांढरे इकडं, हुक तिकडं. बोलायचं असंन तं बोल, नाही तं राहू दे.” मुलगी तासभर बटणं निवडायची आणि उठून वर्गात जायची. आम्ही त्या खोलीला ‘बाईंचा दवाखाना’ म्हणून हसायचो. एकदा मी म्हटलंही, “बाई, तुमच्याकडे बसायला मिळतं म्हणूनच यांची पोटं दुखतात.” बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “असंन जी. पण गणिताच्याच तासाले काहून दुखते, तेवढं पाहून घ्या.”

प्रमिला आठवीला आमच्याकडे आली ती नरखेडकडच्या खेड्यातून. गावच्या शाळेत पहिली यायची, म्हणून वडिलांनी तिला मामाकडे महालात ठेवलं. सहामाहीचे गणिताचे पेपर मी नेहमीच्या पद्धतीने परत दिले, म्हणजे सगळ्यांत जास्त गुण असलेला आधी, कमी असलेला शेवटी, नाव आणि गुण मोठ्याने वाचून. सगळेच शिक्षक तसे देत. गठ्ठ्यातला शेवटचा पेपर प्रमिलाचा होता, शंभरपैकी नऊ. “ही गावाकडची पहिली!” असं मी म्हटलं. वर्ग हसला. मीही हसले असेन.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना ती ‘हजर’ म्हणाली नाही. मी दोनदा नाव घेतलं आणि गैरहजेरी मांडली. ती तिसऱ्या बाकावर बसलेली होती. मला वाटलं, हट्ट आहे, दोन दिवसांत मोडेल. मोडला नाही. रोज ती समोर बसलेली आणि रोज माझ्या पटात गैरहजर, असे दोन आठवडे गेले. मधल्या सुटीत ती जिन्याखाली जाऊन बटणं निवडत होती. एक दिवस बाई मला शिक्षकखोलीत गाठून म्हणाल्या, “तुमच्या पटात ती पोरगी नाही म्हणते कारकून. मंग तिसऱ्या बाकावर कोण बसून राहते जी? भूत?” मी म्हटलं, “तोंड उघडलं की लावीन हजेरी.”

शाळेच्या नियमाप्रमाणे घरी पत्र गेलं आणि मामा तणतणत आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तो, मी आणि भिंतीला टेकलेली प्रमिला. “घरून तं रोज दहाले निंगते. शाळेत येत नाही म्हणता. मंग जाते कुठं? बहिणीले काय तोंड दाखवू मी? नाव काढा हिचं. गावी नेऊन सोडतो, उन्हाळ्यात लगीन उरकून टाकतीन.” मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं... मुलगी रोज वर्गात होती, चूक माझी. त्या वर्षी पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं. मी गप्प राहिले.

तेवढ्यात बाई गळ्यात मापाची टेप घेऊन तशाच आत आल्या. “भाऊ, पोरगी माझ्यापाशी बसून राहत होती. मीच ठेवून घेतली, वर्गात धाडली नाही. चूक माझी आहे.”

“काहून ठेवली?”

“तिचं मन दुखत होतं.”

“मन? पागल झाली का पोरगी?” मामाने टोपी काढून हातात घेतली. मनाचं काही निघालं की तेव्हा लोकांना थेट पागलखाना आठवायचा.

“नाही गा. पाय मुरगळला तं दोन दिवस बसवून ठेवता ना पोरीले? तसंच हे. परीक्षेपर्यंत राहू द्या. मंग न्यायची तं न्या.”

मामाने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “परीक्षेपर्यंत,” म्हणाला आणि गेला. बाईंना लेखी समज मिळाली. व्हरांड्यात त्या मला एवढंच म्हणाल्या, “उद्यापासून हजेरी घेताना मान वर करा जी.” जूनमध्ये मी पर्यवेक्षिका झाले. बाईंनी पेढा खाल्ला. त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही आणि मी तो काढण्याची हिंमत केली नाही.

प्रमिला संक्रांतीनंतर एका सकाळी ‘हजर’ म्हणाली, अगदी हळू. मी पटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. गणितात ती जेमतेम पास झाली, पण मामाने पुन्हा नाव काढायची गोष्ट केली नाही. आज ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर आहे, दिवसभर बोलत असते. बाईंच्या शेवटच्या आजारपणात जेवणाचा डबा तिच्याच घरून जायचा. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा औषधांबद्दल बोलून परत आले.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी बटणांचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. “इतकी वर्षं निवडूनही यातली बटणं कधी संपली कशी नाहीत?” मी सहज विचारलं. “पोरी वेगळे करत,” बाई म्हणाल्या, “संध्याकाळी मी परत कालवून ठेवो. दुसरीले काम नको का?” मी डबा कपाटात टाकला. शिवणाच्या खोलीत आता मोडके बाक ठेवतात. बाई गेल्यावर शिक्षकांच्या सभेत मी दोनदा ती खोली मागितली. गुडघा फुटला तर आपल्याकडे आयोडीन आहे, मन दुखलं तर काय आहे, असं विचारलं. “पाहू,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. एक तरुण मास्तर म्हणाला, “बाई, हे फाजील लाड आहेत.” मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या वयाची असताना मीही हेच म्हणत होते, आणि आता माझ्यात तेवढा दम नाही. पेपर मात्र मी आजकाल पटाच्या क्रमाने देते, पालथे.

मागच्या गुरुवारी नववीतल्या एका मुलीला त्याच मास्तरांनी पोटदुखीचं नाटक म्हणून माझ्याकडे पाठवलं. मी सहामाहीचं वेळापत्रक करत होते. तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं, कपाटातून डबा काढला आणि म्हटलं, “जेवलीस का?” तिने मानेने नाही म्हटलं. माझ्या डब्यातली अर्धी पोळी तिला दिली. तासभर ती बटणं निवडत राहिली. काही बोलली नाही, मी विचारलं नाही. घंटा झाली तशी दारात थांबून म्हणाली, “बाई, उद्या येऊ?” मी ये म्हटलं.

टेबलावर तिने चार नीट ढीग करून ठेवले होते. शाळा सुटल्यावर मी ते डब्यात ओतले आणि हात घालून कालवले.