ज्ञानबाच्या पोटातला दुश्मन

केनवडच्या जानरावाचा राग मुरत घातलेल्या लोणच्यासारखा होता. जितका ठेवावा तितका मुरे. त्याला एकदा लाथ मारलेल्या म्हशीचं दूध तो पुन्हा पीत नसे. चुलतभाऊ ज्ञानबानं जानरावाच्या लग्नाच्या पंगतीत "नवरदेवाच्या मिशा काजळाच्या हायेत" असं म्हटलं, तेव्हापासून त्यानं ज्ञानबाशी बोलणं टाकलं होतं. घरं समोरासमोर, तरी एक शब्द नाही.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याची बायको चंपाबाई रक्ताच्या हगवणीनं गेली. आदल्या वर्षी ह्याच दुखण्यातून ती सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी बरी झाली होती. या खेपेला त्याच गोळ्या रक्त थांबवू शकल्या नाहीत. जानरावाला वैरी हवा होता, पण वैद्य, देव, नशीब ह्यांतलं कोणीच त्याला पटेना.

विहिरीत औषध टाकायला आरोग्य खात्याचा मोहनसिंग आला, तेव्हा जानरावानं त्याला धरलं. "चंपाले कोणं मारलं, नाव सांग."

"जंतूनं मारलं, भाऊ."

"गेल्या साली तं तो गोळीनं मेला व्हता!"

"अर्धाच मेला. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या तुमी भिंतीतल्या देवळीत ठेवता. मंग शेजारी मागते, दोन त्याले देता. कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात, त्याईचीच पिलावळ वाढते. आन् पोटात गरीब जंतूही लय असतात. पक्का जंतू त्याईले चिकटते आन् गोळी पचवायची विद्या देऊन टाकते. इख बनवायची विद्याबी तशीच हातोहात जाते. कालचा गरीब आज गुंड."

जानरावानं मोहनसिंगचा हात सोडला. मग म्हणाला, "म्हणजे त्याची टोळी हाये."

चंपाबाईच्या देवळीतल्या गोळ्या अख्ख्या गल्लीनं खाल्ल्या होत्या. त्यात ज्ञानबाही होता. तेरवी उरकली न उरकली तोच तो आडवा झाला. मोहनसिंगनं दवाखान्यातून दुसरं, जालीम औषध आणलं आणि सांगितलं, "चंपाबाईचाच रोग हाये. पुरं घेतलं तं जंतू मरते, अर्धं घेतलं तं हेबी पचवायले शिकून घेते."

गावाला वाटलं, आता जानराव ओट्यावर बसून मजा पाहील. तो उठला आणि थेट ज्ञानबाच्या खाटेशी जाऊन बसला. ज्ञानबाची बायको भागिरथा घाबरून दारातच थांबली.

जानरावानं ज्ञानबाच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, वरून मीठसाखरेचं पाणी ओतलं आणि पोटाकडे बोट रोखलं. "आता कुठी पयतं बे? माही चंपा खाल्ली तुनं. तुह्या साऱ्या खानदानाले पुरतो का नाही पाह्य!"

हे रोज चाललं. ज्ञानबा बिचारा, आपलं पोट की दुसऱ्याचं, अशा चेहऱ्यानं ऐके. रक्त थांबलं, भाकर जाऊ लागली, तसा त्याला हुरूप आला. "आता बरं हाये गा. उरलेल्या राहू दे, पावन्याईले कामी येतीन."

जानरावाचे डोळे असे झाले की भागिरथानं मुसळ आत नेलं. दुसऱ्या दिवशी ज्ञानबानं गोळी गालात धरली आणि जानरावाची पाठ वळताच टोपीच्या घडीत सरकवली. जानरावानं टोपी उचलली, झटकली, गोळी पुन्हा जिभेवर ठेवली आणि ती गिळेपर्यंत त्याचं नाक दाबून धरलं.

शेवटची गोळी उतरली त्या दिवशी तो पोटाकडे वाकून हळूच म्हणाला, "चंपाच्या जिवाचा बदला झाला. तुहं इद्या शिकवनं संपलं."

ज्ञानबाला रडू फुटलं. "जानराव, लेका, वाचवलं तुनं मले. तुह्या मिशा खऱ्याच व्हत्या गा. बोल न आता माह्याशी."

जानराव खांद्यावर शेला टाकत उठला आणि भागिरथाकडे पाहून म्हणाला, "सांग त्याले वयनी. त्याच्याशी कोन बोललं? मी आतल्याशी बोलून राह्यलो व्हतो."

चहा मात्र त्यानं घेतला. तो भागिरथानं केला होता, आणि तिच्याशी त्याचं काही वैर नव्हतं.