लक्ष्मीपणजीची मिशरी

"मुंबई कोणाची?" हा प्रश्न सत्तावन्न साली लालबागेत ज्याच्या त्याच्या तोंडी होता. मी कॉलेजात. म्हटलं, आधी आपल्या घराचं बघू. कोकणातून इथे पहिलं पाऊल कोणाचं? घरातले पुरुष एका सुरात म्हणाले, दगडूपणजोबांचं. कसे आले, कुठे राहिले? त्यावर सगळे छताकडे बघायला लागले.

शेवटी पंचाहत्तरीच्या मालनआत्याला गाठलं. माझ्या आजोबांची थोरली बहीण, दगडूपणजोबांचीच लेक.

"बापूस? तो बोटीक भियायचो!" आत्या फिसकन हसली. "पयली इली ती माझी आवस. लक्ष्मी. माका कडेवर घेऊन."

पणजी बोटीतून एकटी उतरली आणि गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना रांधून घालू लागली. लेक टोपलीत, टोपली चुलीपासून हातभर लांब. मीठ कमी म्हणणाऱ्याच्या पानात दुसऱ्या दिवशी मीठच नसे. जम बसल्यावर तिने नवऱ्याला बोलावून गिरणीत चिकटवलं. तोही पंगतीत बसून मुकाट जेवायचा. मला ही बाई फारच आवडली.

आत्याचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. म्हाळाला पितरांचं पान वाढलं की तिचा भाचा, आमचे भिवाकाका, गाऱ्हाणं घालायचे. पूर्वजांना नावानिशी हाक मारायचे. त्यात दगडू असे, लक्ष्मी नसे.

"मरायच्या आधी एकदा ऐकूचा हा गो," आत्या म्हणाली.

त्या वर्षी काकांनी सुरुवात केली, "मुंबयची वाट दाखवणारो मूळपुरुस दगडू..."

आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणणार, तोच आत्याने हात वर केला.

"भिवा, पानावर मिशरी कोणाक ठेवलंस?"

"दरवर्साची रीत ती, आत्ये."

"बापूस विडी ओढायचो. मिशरी माझ्या आवशीची!"

काकांनी पानाकडे पाहिलं. भाताशेजारी चिमूटभर काळी मिशरी, बायका दातांना लावतात ती. इतकी वर्षं त्यांच्याच हाताने ठेवलेली.

"पण बायकांचा नाव गाऱ्हाण्यात..."

"बोटीत चढताना तिणा कोणाक इचारल्यान नाय. तू कोणाक इचारतस?"

मी तोंड घालणार होते. आईने चिमटा काढला.

काकांनी घसा खाकरला, पुन्हा हात जोडले. "बा म्हाराजा, मुंबयक पयली इली ती लक्ष्मी. मागसून दगडू..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज आत्याचा. मग ती पानाकडे वाकली.

"आये, जेव आता."