जास्तीचं तेल

पनवेलच्या खाडीकाठी राहणारी जनी नवऱ्याच्या होडीचं पेट्रोल तयार करायची. इंजिन छोटं, टू-स्ट्रोक. त्याचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. मागे एकदा तेल कमी पडून इंजिन जाम झालं आणि तिचा नवरा दाजी खाडीच्या तोंडाशी अडकला. दुसऱ्या होडीने ओढून आणेपर्यंत जनी धक्क्यावर उभी होती. तेव्हापासून माप भरलं तरी तिचा हात आणखी थोडा कलंडायचा. जास्त तेलाने काय बिघडतंय, असं तिला वाटायचं.

मग इंजिन निळसर धूर ओकू लागलं. दाजीचे डोळे चुरचुरायचे, बाकीचे होडीवाले हसायचे. इंजिन नुकतंच दाजीच्या धाकट्या भावाने, मितेशने, उघडून साफ केलं होतं. त्याने कार्बोरेटर परत धुतला, नवा प्लग बसवला. धूर तसाच. एक फेरी मारून त्याने प्लग काढला, तर तो काळाकुट्ट, तेलाने ओला.

"वयनी, तेल मापानंच घालतेस ना?"

दाजी समोरच उभा होता. जनीच्या तोंडून निघून गेलं, "मापानंच घालते."

मितेशने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून प्लग पुसत बसला.

"तेलाला काय झालंय? तुलाच काम येत नाय," दाजी कडाडला. "परत माज्या इंजिनला हात लावू नको."

सासू गेल्यापासून मितेश जनीच्याच हातचं जेवत होता. या बोलण्यानंतर तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला.

जनी आता मोजूनमापून तेल घालू लागली. धूर विरळ झाला, मग थांबलाच. दाजी जेवताना खुशीत म्हणाला, "बघितलंस? त्याचा हात लागला नाय, तर कसं झकास चालतंय."

जनीने हातातला घास ताटात ठेवला.

"तेल मी जास्त ओतत होते," ती म्हणाली. "तुमी परत अडकाल म्हणून. त्याची काय पण चूक नवती."

दाजी ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी दोघं कळंबोलीला गेली. मितेश कामाला होता त्या गोदामाच्या दारात दाजी त्याला एवढंच म्हणाला, "चल घरी. माजं चुकलं." आणि रिक्षा बघायला पुढे झाला.

"मितेश, मी खोटं बोलले," जनी म्हणाली.

"मला तवाच कळलं होतं, वयनी. प्लग बघूनच."

"मग बोलला का नाय?"

"दादा तुज्यावर ओरडला असता."

जनीला वाटलं, यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मितेश आता रविवारी जेवायला येतो, पण कळंबोलीची खोली त्याने सोडलेली नाही. दाजी कधी म्हणतो, "जरा इंजिन बघतोस काय?" तो हसून म्हणतो, "तूच बघ, दादा." तेव्हा जनी काही काम नसताना आत निघून जाते.