पाटावरचं पिस्तूल

अगो बाय, तुझं पत्र मिळालं. म्हणे, "आजी, त्या पिस्तुलाचं दोन वाक्यांत सांग." दोन वाक्यांत आमच्याकडे कढीसुद्धा होत नाही! आता सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

माझे सासरे पोर्तुगीजांच्या फौजेत साहेबाचे शिपाई. ते पिस्तूल जर्मनीत घडलेलं, पहिली मोठी लढाई संपली आणि दुसरी पेटायची होती, त्या मधल्या वर्षांत इकडे आलेलं. साहेब बदलले, एकाच्या कमरेचं दुसऱ्याच्या कमरेला गेलं. पुसायला, तेल द्यायला मात्र मामंजीच. गोवा मुक्त झाला तेव्हा शेवटचा साहेब मोटारसायकलवरून घाईघाईत आमच्या पेडण्याच्या घरी आला. "सांभाळ, मी परत येऊन नेईन," म्हणाला. मामंजींनी शब्द दिला.

मी तेव्हा नवी सून. तुझ्या आजोबांना नव्या सरकारच्या कचेरीत नुकती नोकरी लागलेली. हत्यारं चौकीवर जमा करा, असा हुकूम होता. आजोबा रोज विनवायचे, "बाबा, देऊन टाका. नोकरी जाईल माझी, वर तुरुंग." मामंजी ढिम्म.

आणि आला दसरा. शस्त्रपूजेला पाटावर कोयता, नांगराचा फाळ, आणि मधोमध ते पिस्तूल! हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. हत्यार घरात असून पूजा चुकवणं त्यांना जमेना. तेवढ्यात शेजारी सोनं द्यायला आत आला. पोर्तुगीजांना आमच्याकडे पाखले म्हणत. पाटाकडे बघून तो हसला, "पाखले गेले, आणि तुमी अजून तेंचो देव पुजतास?"

आजोबा पांढरेफटक पडले. शेजाऱ्याच्या पोटात काही राहत नसे. मामंजींनी लेकाच्या तोंडाकडे बघितलं, पिस्तूल पंच्यात गुंडाळलं आणि कुंकवासकट चौकीवर घेऊन गेले.

तिथे विचारलं, "घरात कुणाला ठाऊक होतं?"

"कोणाक नाय. झिलाक तर अजिबात नाय." लेकासाठी मामंजी खोटं बोलले.

दिवेलागणीला सोडलं. नोकरी वाचली. पण बापलेकांचं बोलणं जे आटलं ते आटलंच. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की मामंजी मान वर करायचे. मला विचारायचे, "बाय, साहेब येलो तर काय सांगू?" आजोबा आतून ऐकायचे, बाहेर यायचे नाहीत. मी चहा ठेवायला उठायची.

साहेब काही आला नाही. मामंजी गेले, आजोबाही गेले. मामंजींना काय सांगायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तू शिकलेली, तुला सुचेल काहीतरी. म्हापशाहून बस आहे, दाराशी सोडते. येत्या रविवारीच ये गो.